लेसरनं नख स्वच्छ दिसलं, पण बरं झालं का?

पाऊस ओसरायला लागला की माझ्या मिरजेच्या दवाखान्यात पाय खुर्चीखाली ओढून बसणारी माणसं वाढतात. चिखल्यांसाठी येतात, आणि उठता उठता हळूच अंगठ्याचं नख दाखवतात. यंदा पत्रांतही तेच झालं. पायाच्या नखातली बुरशी आणि तिच्यावरचे लेसर, दिवे, निळा रंग यांबद्दल इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्याच एका विषयाला देत आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६६, राहणार तासगाव. १४ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख आठ वर्षांपासून पिवळं आणि जाड झालंय, नेलकटरमध्ये बसत नाही. मुलगा मला शहरातल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेला. तिथं नख पाहून लगेच सांगितलं, की बुरशी आहे, गोळ्यांनी लिव्हर खराब होतं, लेसरचे चार सिटिंग घ्या, अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे. खर्च २८ हजार. मुलगा भरायला तयार आहे, पण माझं मन होत नाही. भरावेत का?

उत्तर : गुरुजी, पैसे भरू नका. निदान आज तरी नको. तुम्ही आठ वर्षांची हकीकत तपशिलानं लिहिली आहे, पण नखाचा तुकडा तपासायला घेतला, असं त्यात कुठंच नाही. सुरुवात तिथून व्हायला हवी.

पायाचं नख जाड, पिवळं, वेडंवाकडं झालं की आपण सरसकट बुरशी म्हणून मोकळे होतो. अशी नखं नीट तपासली, तर जेमतेम निम्म्यांत बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनससारखा त्वचेचा आजार असतो, घट्ट बुटाचा वर्षानुवर्षांचा मार असतो. पलूसच्या एका बाई माझ्याकडं आल्या, तेव्हा त्यांचे बुरशीच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले होते. नखात तसूभर फरक नव्हता. मी त्यांना पदर थोडा मागं घ्यायला सांगितलं. दोन्ही कोपरांवर सोरायसिसचे चट्टे होते. तोवर त्यांचे कोपर कुणी पाहिलेच नव्हते.

तपासणी साधी आहे. नखाचं पुढचं टोक कापून टाकायचं आणि नखाच्या खाली जितकं आत जाता येईल तितकं जाऊन तिथला भुसा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा. टोकाचा भुसा घेतला तर बहुधा मेलेली बुरशी येते, जिवंत बुरशी आत, पुढं सरकणाऱ्या कडेला असते. त्या भुश्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्याला आम्ही केओएच म्हणतो. नख टणक असतं, म्हणून मी पट्टी कधी कधी रात्रभर झाकून ठेवते. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रांगा विटांच्या बांधकामासारख्या दिसतात आणि बुरशी असेल तर त्या बांधकामाची पर्वा न करता आडवे-तिडवे गेलेले, मधे मधे पडदे असलेले, फांद्या फुटलेले धागे दिसतात. एकतीस वर्षं हेच पाहते आहे, तरी ते धागे दिसले की मी खुर्चीत सरळ होऊन बसते. सोबत थोडा भुसा कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातून बुरशी उगवते का ते पाहायला, पाठवायचा. त्याचा निकाल यायला तीन-चार आठवडे लागतात. शंका उरली तर नखाचा कापलेला तुकडा पॅथॉलॉजीत ‘पास’ (पीएएस) या बुरशी ठळक दाखवणाऱ्या रंगासाठी जातो. या सगळ्याला तुम्हाला सांगितलेल्या रकमेच्या मानानं फार थोडा खर्च येतो.

आता एफडीएची, म्हणजे औषधांना आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेची मान्यता. मान्यता आहे, पण कशाला आहे ते तुम्हाला सांगितलेलं नाही. २०१० साली अमेरिकेच्या एफडीएनं पिनपॉइंट फूटलेसर या यंत्राला नखाच्या बुरशीच्या रुग्णांसाठी परवानगी दिली. पुढं आणखी काही यंत्रांना मिळाली. त्या परवानगीतली भाषा अशी आहे, की बुरशी लागलेल्या नखात स्वच्छ नखाचा भाग तात्पुरता वाढावा यासाठी हे यंत्र वापरता येईल. ‘तात्पुरता’ आणि ‘स्वच्छ नख’ हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा, गुरुजी. बुरशी गेली पाहिजे, अशी अट त्यात नाही.

तीच एफडीए औषधाला मात्र वेगळी मोजपट्टी लावते. जवळपास वर्षभरानंतर नख पूर्ण स्वच्छ दिसलं पाहिजे, केओएचमध्ये धागे दिसता कामा नयेत आणि कल्चरमध्ये बुरशी उगवता कामा नये. तिन्ही एकाच वेळी. या कडक पट्टीनं टर्बिनाफीनच्या गोळीचा निकाल ३८ टक्के आहे, इट्राकोनाझोलचा १४, एफिनाकोनाझोल या थेंबांचा १५ ते १८ आणि सायक्लोपिरॉक्सच्या नेलपॉलिशसारख्या औषधाचा साडेपाच ते साडेआठ. आकडे वाचून खचू नका. फक्त ‘बुरशी गेली का’ एवढंच विचारलं, तर टर्बिनाफीन ७० टक्क्यांपर्यंत जातं. बुरशी गेली तरी आठ वर्षं पिचलेलं नख पूर्ववत होतंच असं नाही, दोन आकड्यांत एवढी तफावत पडते ती त्यामुळं. लेसरच्या जाहिरातीतला आकडा वाचाल, तेव्हा आधी तो यांपैकी कोणत्या पट्टीनं मोजला ते विचारा. बहुतेक वेळा तो फोटोवरून मोजलेला असतो.

लेसरचे नीट अभ्यासही झालेत. नीट म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट ठेवून, कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवून केलेले. २०१४ साली स्टॅनफर्डच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २७ रुग्णांची १२५ नखं घेतली. काहींना दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, एनडी-याग नावाच्या प्रकारचा लेसर दिला, काहींना काहीच दिलं नाही. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ‘दोनच वेळा दिला म्हणून’ असं कोणी म्हणेल. २०१७ साली जर्मनीतल्या अभ्यासात चार वेळा दिला आणि वर्षभर वाट पाहिली, तरी पदरात काही पडलं नाही. तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचा अभ्यास नेदरलँड्समधला, २०१९ चा. त्यातले ६४ रुग्ण सगळे मधुमेहीच होते. अर्ध्यांना खरा लेसर, अर्ध्यांना यंत्राचा नुसता देखावा, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच. २०२० साली कॉक्रेन या संस्थेनं नखांना लावायची औषधं आणि यंत्रं यांवरचे ५६ अभ्यास, साडेबारा हजार रुग्ण, एकत्र तपासले. या लेसरनं बुरशी जाण्यात फारसा फरक पडत नसावा, असंच त्यांनाही आढळलं. लेसरच्या बाजूनं लिहिलेले निबंधही ढीगभर आहेत. मी ते वाचते. त्यांतल्या पुष्कळांत तुलनेचा गटच नसतो.

असं का व्हावं? प्रयोगशाळेच्या बशीतली बुरशी ५० अंशांच्या वर तापवली की मरते, आणि लेसरची आशा मुख्यतः याच उष्णतेवर आहे. पण बशीत बुरशी उघड्यावर असते, इथं ती केराटिनच्या, म्हणजे नख ज्या प्रथिनाचं बनतं त्याच्या जाड थराखाली, भुश्यात आणि बीजाणूंच्या रूपात दडून असते. नखाखालची कातडी ४५ अंशांच्या आसपासच ‘भाजतंय’ म्हणून सांगायला लागते. म्हणजे बुरशी मरण्याआधी माणूस पाय ओढून घेतो. तुमचा १४ वर्षांचा मधुमेह लक्षात घेता मला इथंच काळजी वाटते. पायाची जाणीव कमी झाली असेल, तर तुम्ही पाय ओढणार नाही आणि भाजल्याचं घरी मोजा काढताना कळेल.

हे मी लांबून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस महिन्यातून दोन शनिवार गाडीत लेसरचं यंत्र घालून माझ्याकडं आणायचा, आणि मी ते वापरलं. त्यानं दाखवलेले आधीचे-नंतरचे फोटो मला खरे वाटले, आणि ते खोटे नव्हतेही. माझ्याच रुग्णांचे फोटोही तसेच यायला लागले. मग एक एसटी ड्रायव्हर आले, डाव्या पायाचं, क्लचच्या पायाचं नख बिघडलेलं. त्यांच्या नखावर निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवर मी ब्लेडनं एक बारीक आडवी खाच पाडली होती. जुनी युक्ती आहे. नख वाढतं तशी खाच पुढं सरकते. बुरशी थांबली असेल, तर खाचेच्या मागं फक्त चांगलं नख येतं. तीन महिन्यांनी फोटोत नख सुरेख दिसत होतं. खाच चार-साडेचार मिलिमीटर पुढं गेली होती, आणि तिच्या मागं, जिथं नवं गुलाबी नख असायला हवं होतं, तिथं पिवळेपणा खाचेला ओलांडून मुळाकडं निघाला होता. मग फोटो सुरेख का? कारण दर सिटिंगआधी आम्ही नख कापून, घासून पातळ करत होतो. दिसत होती ती कानसेची करामत होती. मी खरवडून पाहिलं, धागे जिवंत. त्या महिन्यात मी यंत्र परत पाठवलं आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना एकेकाला बोलावून नखं पुन्हा तपासली. ड्रायव्हरसाहेब रागावले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनी रागवायला हवं होतं.

तर तुम्ही असं करा. आधी तपासणी. बुरशी निघाली, तर गोळ्यांना इतकं घाबरू नका. टर्बिनाफीन रोज २५० मिलिग्रॅम, बारा आठवडे. सुरू करण्याआधी लिव्हरची एसजीपीटी आणि किडनीचं क्रिएटिनिन पाहायचं. लिव्हरचा जुना आजार असेल तर ही गोळी नको. मधेच भूक गेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे वाटले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. काहींची तोंडाची चव काही आठवडे जाते. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर आधी सांगा, तिचा डोस पाहावा लागतो. इट्राकोनाझोल मात्र हृदय कमकुवत असलेल्यांना देत नाहीत. आणि तुमच्यासारख्यानं हे नख ‘दिसायला वाईट, बाकी काय’ म्हणून सोडूही नये. जाड नखाखाली दाबून जखम होते, चिखल्यांच्या चिरांतून जंतू शिरतात, आणि मधुमेहात त्यातून पाय सुजून हॉस्पिटल गाठावं लागतं.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष. बाराव्या आठवड्यात गोळ्या संपतील तेव्हा नख पिवळंच असेल. त्या दिवशी ‘गुण आला नाही’ म्हणून दुसरीकडं धावू नका. खाच पाडून घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. विद्यार्थ्यांची प्रगतिपुस्तकं तुम्ही आयुष्यभर लिहिलीत, हेही तसंच लिहा.

प्रश्न : मॅडम, मी बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, इचलकरंजी. मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग लावून लाल प्रकाश दिला की नखाची बुरशी मरते, असं एका ब्राझीलच्या अभ्यासात वाचलं. मिथिलीन ब्लू माशांच्या टाकीच्या दुकानात मिळतं आणि लाल एलईडीही स्वस्त आहेत. माझ्या आजीवर घरी करून पाहू का?

उत्तर : बाळ, तू वाचलंस ते चांगलं वाचलंस, आणि या सगळ्या प्रकाशांतला मला सर्वांत आशेचा वाटणारा हाच आहे. पण आजीवर नको.

लेसरची गोष्ट उष्णतेची होती, ही वेगळी आहे. इथं प्रकाश एकटा काही करत नाही. आधी रंग बुरशीत शिरतो, त्याच्यावर त्याला शोषता येईल अशा तरंगलांबीचा प्रकाश पडतो, आणि जवळचा ऑक्सिजन पेटून उठल्यासारखा होऊन पेशी जाळतो. रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन, तिघांतला एक जरी कमी पडला तरी काही होत नाही. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं हे प्रसिद्ध केलं. ॲक्रिडिन रंगात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरत होते आणि अंधारात जगत होते. तो तेव्हा तुझ्यासारखाच शिकत होता. १९०३ सालचं नोबेल नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरच्या प्रकाशोपचारासाठी मिळालं. आणि मिथिलीन ब्लू हे मुळात १८७६ साली जर्मनीत कापड रंगवायला म्हणून तयार झालं. इचलकरंजीच्या मुलीनं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

तू वाचलेला २०१४ चा अभ्यास ८० रुग्णांचा. दोन टक्के मिथिलीन ब्लू, ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश, दर पंधरा दिवसांनी, सहा महिने. निकाल फ्लुकोनाझोलच्या गोळीपेक्षा बराच सरस. पण शर्यत कोणाशी लावली ते पाहा. नखाच्या बुरशीत फ्लुकोनाझोल ही काही सर्वांत जोरदार गोळी नाही. टर्बिनाफीनशी लावली असती तर मी अधिक मान दिला असता. दुसरं, निळं नख आणि गोळी यांत कोणाला काय मिळालं हे लपवता येत नाही, आणि मनाचा कल डोळ्यांत उतरतो.

त्याच्या आधी, २०१० साली, ग्रीसमध्ये निळ्या रंगाऐवजी अमिनोलेव्हुलिनिक आम्ल वापरून ३० रुग्णांवर केलं होतं. वर्षानंतर १३ जण बरे होते, दीड वर्षानं ११. म्हणजे दोन जणांची बुरशी परत आली. त्यांनी सहा महिने अधिक थांबून हे लिहिलं, म्हणून मला तो अभ्यास प्रामाणिक वाटतो. २०१७ साली स्पेनमध्ये सगळ्यांची नखं ४० टक्के युरियानं मऊ करून घेतली, मग अर्ध्यांना खरं प्रकाशसंवेदी मलम आणि अर्ध्यांना बिनऔषधाचं मलम लावून दोघांनाही प्रकाश दिला. पूर्ण बरं होण्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मग ज्यांना गुण आला तो प्रकाशाचा किती आणि युरियानं नख उतरवल्याचा किती? या क्षेत्रातला माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे. पुढं संशोधनाकडं वळलीस तर तो डोक्यात ठेव.

घरी का नको? माशांच्या टाकीच्या बाटलीत शुद्धता किती आणि बाकी काय मिसळलंय, ते बाटलीवर असतंच असं नाही. फार्मसीच्या मुलीला मी हे सांगायला नको. तुझा एलईडी नखापर्यंत किती ऊर्जा पोचवतो ते मोजायला तुझ्याकडं साधन नाही. जाड नख पातळ न करता रंग वरच्या वर बसतो, खालच्या बुरशीला तो दिसतही नाही. आणि एकदा नख निळं केलंस की आठवडाभर आम्हाला खालचं काही पाहता येत नाही, नखाखाली एखादा काळा डाग असेल तर तोही झाकला जातो. आजीला घेऊन ये. मिरज तुला लांब नाही.

प्रश्न : डॉक्टरबाई, मी गृहिणी, वय ४८, सोलापूर. एका मेडिकल कॉलेजात नखाच्या बुरशीवर प्रकाशाच्या उपचाराचा अभ्यास चालू आहे, त्यात येता का, असं विचारलं. सासूबाई म्हणतात, तुला काय उंदीर समजतात का? दिव्याचा नुसता देखावा करतील अशीही भीती वाटते.

उत्तर : वहिनी, देखावा करतील, हे शक्य आहे, आणि तसा गट असेल तर तो अभ्यास चांगला आहे. वर नेदरलँड्सचं लिहिलंय ते वाचा. तो देखाव्याचा गट नसता, तर आज आम्ही सगळे मधुमेह्यांना लेसर देत बसलो असतो. फक्त ही गोष्ट तुम्हाला आधी, मराठीत, लेखी सांगितलेली हवी. ‘दोनपैकी एका गटात तुम्ही जाल, कोणत्या ते आम्हालाही कळणार नाही’ असं वाक्य संमतिपत्रात शोधा. ते घरी न्यायला मागा, सासूबाईंना वाचून दाखवा, दोन दिवसांनी सही करा. जो घाई करेल त्याला नाही म्हणा.

अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक विचारा. आपल्या देशातल्या अशा अभ्यासांची ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि कोणालाही फुकट पाहता येते. मुलांना मोबाइलवर क्रमांक टाकायला सांगा. त्यात ‘मुख्य निकाल’ नावाचा एक रकाना असतो. तिथं बुरशीची तपासणी लिहिली आहे की नुसतं नखाचं दिसणं, आणि ते किती महिन्यांनी पाहणार, एवढं बघा. तीन महिनेच लिहिले असतील तर विचारा, की माझं नख तीन महिन्यांत साडेचार मिलिमीटरच वाढणार, मग तुम्हाला कळणार कसं? हा प्रश्न ऐकून डॉक्टर खूश झाले तर बिनधास्त जा.

अभ्यासासाठी म्हणून जो खर्च आहे तो तुमच्याकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार हेही लिहिलेलं हवं. मन बदललं तर केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळं नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. तुम्ही देखाव्याच्या गटात निघालात, तर अभ्यास संपल्यावर खरा उपचार देणार का, तेही विचारून घ्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. वरचे सगळे आकडे मी देऊ शकले ते त्या २७, ६४, ३० माणसांनी महिनोन्‌महिने आपले पाय पुन्हा पुन्हा दाखवले म्हणून. त्यांना कोणी उंदीर समजलं नव्हतं.

प्रश्न : माझं नाशिकला ब्युटी पार्लर आहे. जेल नेलपॉलिश वाळवायच्या दिव्यात नखाची बुरशी मरते का?

उत्तर : नाही, ताई. जांभळ्या प्रकाशाची काही वैद्यकीय यंत्रं ४०५ नॅनोमीटरला चालतात आणि तुमच्या दिव्यातला प्रकाशही त्याच्या जवळपास असतो, म्हणून हा समज पसरला असावा. तो दिवा जेल घट्ट करायला बनवलाय, बुरशीवर त्याचा भरवसा धरू नका. उलट पिवळ्या नखावर जेल चढलं की आठवडेच्या आठवडे ते कोणाच्या नजरेला पडत नाही. असं नख आलं तर रंगवू नका, तपासायला पाठवा. त्या गिऱ्हाइकाला वापरलेली कानस दुसऱ्या कोणाला वापरू नका.

प्रश्न : कुडाळहून लिहिते. यजमानांची नखं गोळ्यांनी सुधारली होती, दोन वर्षांत परत तेच. आता बूट निर्जंतुक करायचा अतिनील दिवा घ्यावा म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : घेतला तर वाया जाणार नाही, पण आधी त्यांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहा. नखाची बुरशी बहुतेक वेळा तिथूनच चढते. चिखल्या जागच्या जागी असतील, तर नख कितीदाही बरं केलं तरी परत पेरणी होणार. आमच्याकडं २०१९ च्या पुरानंतर मी हे घराघरांत पाहिलंय. पायांच्या चिखल्या अंगावर काढल्या आणि वर्ष-दीड वर्षात अंगठ्याची नखं घेऊन तीच माणसं आली. बोटांत बुरशीचं साधं मलम लावायचं आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरनं सांगितलेले दिवस पुरे करायचे. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब औषधाच्या दुकानातून आपल्या मनानं आणू नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आतून पसरते.

मोजे साध्या पाण्यात धुऊन बुरशी जात नाही. ६० अंशांचं पाणी लागतं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं कढत. आणि दिवाच हवा असेल तर एक फुकटचा आहे. २०१४ साली इस्रायलच्या त्वचारोगतज्ज्ञांनी बुरशीच्या रुग्णांचे वापरलेले मोजे सलग तीन दिवस उन्हात ठेवून तपासले, त्यांतली बुरशी चांगलीच घटली होती. कोकणात पावसाळ्यात हे जमणार नाही, तेव्हा कढत पाणी आणि मोज्यांचे जास्तीचे जोड. पण आता दसऱ्यानंतर ऊन पडेल. मोजे उलटे करून, आतली बाजू वर ठेवून, दोरीवर टाका. बूट असतील तर नाडी सोडून जीभ बाहेर ओढून ठेवा. आणि यजमानांचं नेलकटर घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका.